सगळ्या अर्जांवर एकच अंगठा

वाचनालयाच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, ‘वाडीतल्या माणसांसाठी आठवड्याचे दोन तास द्या. रविवारी सकाळी इथंच भेटू.’ फुकटात कोण दोन तास देतं हो? यात कुणाचा तरी फायदा असणारच, असं मनात धरून मी गेले. कुणाचा, ते बघायला.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. पनवेलात मी एका वकिलाकडे टायपिंग करायचे. दिवसभर खरेदीखतं, सह्या, अंगठे. असल्या जागी चार वर्षं काढली की माणूस सख्ख्या मावशीवरही विश्वास ठेवत नाही.

फळ्यावर लिहिणारे निघाले गणिताचे एक सर. निवृत्तीला आलेले, सायकलवरून फिरणारे. विचुंब्याच्या पुढे माळावर आदिवासींची एक वाडी होती आणि त्या माळावर कुणीतरी प्लॉटचे दगड रोवायला लागलं होतं. झोपड्यांची नोंद कुठंच नव्हती, म्हणजे कागदावर माळ रिकामा. सरकारी मोजणीच्या आत घरटी एक अर्ज कचेरीत पोचला तर राहतं घर म्हणून नोंद होणार होती. नाहीतर उचला बोचकं आणि चालू पडा. सर हे सगळं इतक्या कळवळ्यानं सांगत होते की मला ते जास्तच खटकलं. त्यातून त्यांचा मेव्हणा प्लॉटचा धंदा करतो, असं कुणीतरी माझ्या कानावर घातलं. झालं! मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

तरी झोपड्या मोजून अर्ज मीच टाइप केले. सतरा. खाली साक्षीदाराच्या सहीची जागा होती, ती कोरी ठेवली. साक्षीदार म्हणून कुठंही सही करायची नाही, हा आमच्या वकिलांनी शिकवलेला पहिला धडा. सरांनाही म्हटलं, “आधी अंगठे येऊ देत, मग बघू.”

वाडीतली माणसं वीटभट्टीवर असायची, बाजाराच्या दिवशी तेवढी घरी यायची. मागे होती एक म्हातारी. ती म्हणाली, “कागद आन् शाई ठेवून जा. मानसं आली का देतील अंगठे.” पुढच्या रविवारी सर वाडीवरून सतराच्या सतरा अर्ज अंगठ्यांसह घेऊन आले! सर तर हरखूनच गेले. मी ते तपासायला म्हणून माझ्याकडे घेतले.

सोमवारी दुपारी ऑफिसात ते टेबलावर पसरले आणि बघतच राहिले. पहिल्या अंगठ्यावर तिरकी पांढरी रेघ होती, जुन्या जखमेची. दुसऱ्यावर तीच. तिसऱ्यावर तीच. सतरा अर्ज आणि अंगठा एकच.

तळपायाची आग मस्तकात गेली. सरांनीच घरी बसून उठवले असणार, दुसरं काय! तशीच शाळेच्या फाटकाशी गेले आणि नाही नाही ते बोलले. मेव्हण्याचंही काढलं. सरांनी कागद नीट पाहिले, मग स्वतःचे दोन्ही अंगठे माझ्यापुढे धरले. गुळगुळीत. “परवा मोजणी आहे,” एवढंच म्हणाले. “उद्या बाजार, माणसं घरी येतील. कोरे अर्ज घेऊन ये.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण संशय काही गेला नाही. तो सरांवरून उठला आणि म्हातारीवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी वाडीत पोचल्या पोचल्या मी तिचा हात धरून उलटा केला. अंगठ्यावर कोयत्याचा वण.

“आजी, हे सगळे अंगठे तुमचे?”

“माजेच,” ती म्हणाली. लपवाछपवी काही नाही. “मागं येक जन आलता. असाच ग्वाड बोलला, अंगठे घेतले आन् पल्याडच्या वाडीचा माळ गेला. म्हनून आमी समद्यांनी बसून ठरवला, अंगठा द्याचा तं येकीचाच. मला पोर नाय, बाळ नाय. पोलीस आले तं मलाच नेतील.”

“अहो, पण असे अर्ज खोटे ठरतात! आम्ही तुमच्यासाठी इथवर मरत यायचं आणि तुम्ही...”

“बाय,” तिनं मला थांबवलं, “आमचा अंगठा मागतेस. यात तुजी सही कंची, ती दाव.”

मी तिथंच मांडी घातली आणि कोऱ्या अर्जांवर साक्षीदार म्हणून सह्या केल्या, नावापत्त्यासकट. वकिलांना कळलं तर नोकरी जाईल, हे माहीत होतं. सतरावी सही झाली तशी एकेक माणूस पुढं आलं आणि आपापला अंगठा देऊन गेलं. म्हातारीनं जुने अर्ज माझ्याकडून मागून घेतले आणि चुलीत घातले. सरांनी नवे अर्ज संध्याकाळच्या आत कचेरीत पोचवले.

नोंद झाली. मोजणीवाले सतरा घरं सोडून पुढं सरकले. मोडली फक्त कडेची एक झोपडी, अर्ज नसलेली. म्हातारीची.

मी अर्जांसाठी झोपड्या मोजायला गेले होते तेव्हा तिनं मला सांगितलं होतं, “ती शेळ्यांची हाय. मी भाचीकडं निजते.” मी वहीत ‘शेळ्या’ असं लिहून पुढं गेले होते. आता तिच्यासमोर उभी राहून मी रडत होते आणि विचारत होते, त्या दिवशी तरी का नाही बोललात, मी तुमच्यासमोर सह्या केल्या ना?

“समदी तुमच्या कागदात गेली,” ती म्हणाली. “उद्या कागदच फिरला तं? येक तरी भायेर नको?”

सरांवर संशय घेतला, तिच्यावर घेतला. तिचं ते शेळ्यांचं वाक्य मात्र तपासावंसं मला वाटलं नाही. त्या अख्ख्या वाडीत एकही शेळी नव्हती.