ताईनं घातलेली मांडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ताईला सांगायचा प्रश्न नव्हता — ती त्यात होतीच.

माझी ताई पेणजवळच्या जोह्यात, मूर्तींच्या कारखान्यात गणपतींचे डोळे आखते. हात हलू नये म्हणून तिथल्या बायका जमिनीवर मांडी घालून, कोपर गुडघ्यावर टेकवून बसतात. ताईच्या खुब्याची वाटी जन्मापासून उथळ. तिशीच्या आत ती पाय ओढायला लागली. मुंबईला डॉक्टरांनी कमरेचं हाड कापलं, वाटी फिरवून नीट बसवली. दुखणं थांबलं, लंगडणं गेलं. आणि मी — चळवळीच्या पत्रकांवरच वाढलेली — नवं पत्रक लिहून मोकळी झाले : बायांनो, दुखणं अंगावर काढू नका, माझ्या बहिणीकडे बघा! पेणपासून रोह्यापर्यंत वाटलं.

तेव्हा ते खरंच होतं. पण सात-आठ वर्षांनी? खुबा पुन्हा ठणकू लागला. सांध्यातली गादी झिजतेय, म्हणाले डॉक्टर. पुढेमागे सांधा बदलावा लागेल, मांडी बंद. ताई स्टुलावर बसून आखू लागली. मी पत्रक पुन्हा छापलं — त्यात स्टूल नव्हतं.

ते वाचून रोह्याची शबाना आली. माझ्याच वयाची, दुखणं तेच. तिला एकच विचारायचं होतं.

“नंतर खाली बसता येतं ना गो? नमाजाला?”

खरं सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी ताईला म्हणाले, “बसून दाखव ना गो तिला.”

ताईनं माझ्याकडे बघितलं. मग स्टुलावरून उतरली, मांडी घातली. “बघ. म्हातारी नाय झाले अजून!” शबाना खळखळून हसली. ती जाईपर्यंत ताई तशीच बसून राहिली. उठवताना तिची नखं माझ्या खांद्यात रुतली.

“तुझं पत्रक खोटं पडलं असतं,” एवढंच म्हणाली. आणि लंगडत जाऊन चहा टाकला — माझ्यासाठी.

शबानाचं ऑपरेशन चांगलं झालं. सरळ चालते. नमाज मात्र खुर्चीवर. खरं कळूनही तिनं ऑपरेशन केलं असतं का? केलंही असतं. पण ते तिनं ठरवायचं होतं — मी तिला ठरवू दिलं नाही.

परवा तिचा फोन आला. “तुझी ताई बसते, मग मलाच का नाय जमत गो? माझाच व्यायाम कमी पडला असेल.”

मी म्हणाले, “असेल.”