मावशीच्या भिंतीवरची काच

माझी मावशी तशी कुणाला घाबरणारी नव्हे. "तुमचा जिना तुमच्यासारखाच वाकडा," असं घरमालकाला तोंडावर सुनावणारी बाई. पण शेजारची इमारत पाडून गाड्या ठेवायच्या तळघरासाठी खड्डा खणायला घेतला, आणि ती चक्क भिंतीला घाबरायला लागली.

खड्ड्यातलं यंत्र दिवसभर दणके द्यायचं. मावशी शाळेचे गणवेश शिवायची. मशीनवर ठेवलेली कात्री आपोआप सरकत कडेला यायची. मग पलंगामागच्या भिंतीला तडा गेला. त्या पलंगावर काका. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेलेली, कूस बदलायलाही मावशी लागायची. पलंग दुसरीकडे हलवावा, तर दार उघडायचं नाही, एवढीशी ती खोली.

पालिकेचा इंजिनियर आला. प्रत्येक मजल्यावर भिंतीतल्या तड्यावर त्याने काचेची एक आडवी पट्टी चिकटवली. "भिंत हलली की आधी ही तडकेल. तडकली तर सामान बघत बसू नका. बाहेर पडा आणि मला फोन करा."

बाहेर पडून जायचं कुठे, ते मात्र त्याने सांगितलं नाही. गल्लीच्या टोकाची इमारत अशीच 'तात्पुरती' रिकामी केली होती. तिथली माणसं अजून शहराबाहेर पत्र्याच्या खोल्यांत आहेत आणि नव्या इमारतीचे नुसते खांब उभे आहेत. बिल्डर कुठे आहे, देव जाणे. मावशी म्हणायची, "एकदा पाय बाहेर टाकला की संपलं. मग आपल्याला कोण विचारतंय?"

त्यामुळे जिन्यात कुणी भेटलं की पहिला प्रश्न, "तुमची काच?" वरचे मास्तर म्हणायचे, "शाबूत!" त्यांच्या वरच्या नर्सबाईही तेच म्हणायच्या, वर हसायच्याही.

एका दुपारी मावशी काकांना भरवत असताना 'टक्' असा आवाज झाला. काच मधोमध दुभंगली होती. मावशीचा चमचा हातातच राहिला. काकांना नीट बोलता येत नव्हतं. त्यांनी डावा हात उचलून तिच्याकडे बोट दाखवलं, मग दाराकडे.

"गप्प बसा," ती ओरडली. "मोठे आले मला जा म्हणणारे!"

तिने फोन उचलला आणि परत ठेवला. टेपने तुकड्यांचं माप घेतलं, दाराला बाहेरून कडी घातली आणि कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडे निघाली. नवी पट्टी चिकटवली की इंजिनियरला काही कळणार नव्हतं. एवढी शहाणी बाई, पण भीतीने तिला दुसरं काही सुचेना.

फ्रेमवाल्याने माप ऐकलं आणि हसला. "तुमच्या बिल्डिंगमध्ये सगळे एकाच मापाचे फोटो लावताय का हो? परवा मास्तर अशीच पट्टी घेऊन गेले. नर्सबाईंनी तर दोनदा नेली."

म्हणजे अख्खी इमारत हलत होती, आणि आतमध्ये काका होते, बाहेरून कडी घातलेल्या खोलीत. काच न घेताच मावशी पळत सुटली. घाईत कडी निघेना. निघाली तशी ती जिन्यात उभी राहून ओरडली, "मास्तर! नर्सबाई! खोटं पुरे आता! माझी फुटली, तुमच्याही फुटल्यात. खाली या, यांना उचलायचंय!"

एकेक करत दारं उघडली. मास्तर मान खाली घालून आले. चादरीची झोळी करून सगळ्यांनी काकांना बाहेर काढलं आणि मावशीने इंजिनियरला फोन केला.

मी पोचलो तेव्हा इंजिनियरने इमारतीच्या दाराला सील ठोकलं होतं. समोरच्या फुटपाथवर काकांचं डोकं मांडीवर घेऊन मावशी बसली होती. इमारत होती तशी उभी. तडा बाहेरून दिसतही नव्हता.

"पडत नाहीये रे," ती म्हणाली. "नाही पडली तर हे सगळे म्हणतील, हिनेच आपल्याला बेघर केलं." मग माझा हात घट्ट धरून ती हळूच पुटपुटली, "मगाशी मनात आलं, पडू दे एकदाची. माझं घर, आणि मीच असं म्हणतेय. मला फार भीती वाटतेय रे."