त्या दिवसाचा भाव

बाबा गेल्यावर आईने विचारलं, "माझ्या ऑपरेशनसाठी त्यांनी म्युच्युअल फंड विकला, तेव्हा भाव काय होता, बघ रे. मला म्हणाले होते, भाव चांगला आलाय म्हणूनच विकतोय."

फंडाच्या वेबसाइटवर जुन्या भावांचा तक्ता उघडला. तारीख आणि आकडा, तारीख आणि आकडा. रविवारची ओळच नाही, जणू त्या दिवशी कोणी जगतच नाही. बाबांनी फंड विकला त्या तारखेपुढे त्या वर्षातला सगळ्यात कमी भाव होता. दोन महिन्यांनी तो बराच वर गेला होता.

बाजार सांगतो, थांबा, धीर धरा. ज्याच्या घरचं माणूस ऑपरेशनच्या टेबलावर आहे, त्याने किती थांबायचं? थांबणं ही चैन आहे, ती सगळ्यांना परवडत नाही. यावर बाबांसारखंच पत्रक काढून चौकात वाटावं, असं वाटलं. पत्रकात एक ओळही खोटी नको, हे मला बाबांनीच शिकवलेलं.

"सापडला का? चांगला होता ना?"

"हो आई. त्या वर्षातला सगळ्यात चांगला."

ती म्हणाली, "म्हणजे माझ्यापायी त्यांचं काही बुडालं नाही."