मी लिहून घेतलेली माफी

मधुकर गेल्याचा निरोप सकाळी आला, तेव्हा माझी दाढी अर्धी झाली होती. मी ती पूर्ण केली आणि मगच सक्करदऱ्याला त्याच्या घरी निघालो. महिना झाला, तरी ते मनातून जात नाही… आधी स्वतःचं आटोपायचं, हा माझा स्वभावच.

आम्ही दोघे एकाच बँकेत, शेजारच्या टेबलांवर. एक म्हातारी खातेदार अंथरुणाला खिळली, तर मधुकर पैसे काढायचा कागद घेऊन तिच्या घरी गेला, अंगठा घेतला आणि 'बँकेत माझ्यासमोर दिला' असं लिहून मोकळा झाला. कुणाचंच नुकसान झालं नव्हतं, पण तपासणीत ते उघडकीला आलं आणि त्याला आरोपपत्र मिळालं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मित्राकडून माफी लिहून आणा, ताकीद देऊन सोडतो, म्हणाले. मला केवढा आनंद झाला!

"अंगठा तिचाच हाय ना? मग माफी काहून मागू?" मधुकर म्हणाला.

"लिहून दे गा. साहेबानं मले शब्द देला हाय."

मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. दोन महिन्यांत बडतर्फीचा हुकूम आला. साहेबांनी हात वर केले.

मधुकर हायकोर्टात गेला, तिथे चार वर्षं गेली. शिक्षा कडक आहे, असं न्यायमूर्तींनाही वाटलं. पण कबुली त्याच्याच हस्ताक्षरात होती, आणि बँकेच्या जागी बसून शिक्षा ठरवणं कोर्टाचं काम नाही, म्हणून अर्ज फेटाळला. साहेबांनी शब्द दिला होता हे मी येऊन सांगतो, असं मी एकदाही म्हणालो नाही. माझी नोकरी त्याच साहेबांच्या हाताखाली होती. मधुकरनेही कधी विचारलं नाही. त्याला ते सुचलंच नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तो हिंगण्याच्या एका कारखान्यात हजेरी लिहायला लागला, आणि भेटला की माझ्याच बढतीचं विचारायचा.

तेराव्यानंतर मधुकरच्या बायकोने, कुसुमवहिनींनी, एक कागद पुढे केला. "त्याईच्या पेटीत होता, भाऊजी. तुमचं नाव दिसलं म्हणून ठेवला."

वकिलांनी टाइप करून दिलेला अर्जाचा मसुदा होता तो. माफी साहेबांच्या शब्दावर दिली, तो शब्द माझ्यामार्फत आला, साक्षीला मला बोलवावं… सगळं त्यात होतं. बँकेत काही खोडायचं झालं तर आम्ही पट्टी लावून एकच रेघ मारतो, खालचं वाचता यावं म्हणून, आणि शेजारी छोटी सही करतो. त्या ओळींवर तशाच सरळ रेघा होत्या. शेजारी मधुकरची सही.

"कामाचा हाय का?" वहिनींनी विचारलं.

मी नाही म्हणालो आणि घडी करून खिशात टाकला. वहिनी, तो कामाचा होता.