पुरुषांच्या हॉलमधला भिलाभाऊ

कमलबाई निवाऱ्याच्या दारापर्यंत आली, आत डोकावली आणि परत फिरली. तिच्या मागे नवरा भिलाभाऊ आणि सातवीतली मुलगी ज्योती. गाठोडी मी ठरवून आणलेल्या रिक्षातच होती. तासभर समजूत घालून मी त्यांना हायवेच्या पुलाखालून आणलं होतं.

मी धुळ्यात समूह संघटक आहे. म्हणजे वस्त्यांमधून फिरायचं, गरजू लोक आणि सरकारी योजना यांची गाठ घालून द्यायची. बेघरांचा निवारा हा त्या कामाचाच एक भाग. तिथे दोन हॉल आहेत, एक पुरुषांचा, एक बायकांचा. मध्ये स्वयंपाकघर आणि कुलूप लावायचं दार. कमलबाईने ते दार पाहिलं होतं.

हे कुटुंब मूळचं पिंपळनेरकडचं. भिलाभाऊ बांधकामांवर वॉचमन. इमारत उभी राहीपर्यंत त्याच आवारात पत्र्याच्या खोलीत राहायचं, ती पूर्ण झाली की पुढच्या साईटवर जायचं. ज्योतीचा जन्मही अशाच एका साईटवरचा. शेवटच्या इमारतीत लोक राहायला आले आणि खोली पाडली गेली. पुढचा ठेकेदार ठरला होता, पण भिलाभाऊला फिट येते हे त्याच्या कानावर गेलं. त्याने दुसरा माणूस ठेवला. भाड्याच्या खोल्यांचंही तेच झालं. घरमालक आधी हो म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी फोन उचलायचे नाहीत.

कमलबाई मला म्हणाली, "मॅडम, याले रातले फिट येस. मी दुसऱ्या खोलीमा ऱ्हासू तं याले कोन देखी?"

मी रिक्षा परत वळवायला सांगितली. ते तिघं पुन्हा पुलाखाली गेले.

दुसऱ्या दिवशी मी निवाऱ्याचं काम पाहणाऱ्या आमच्या साहेबांकडे गेले. म्हटलं, एकाच कुटुंबापुरती सवलत द्या, स्वयंपाकघराशेजारच्या सामानाच्या खोलीत झोपू द्या.

साहेब म्हणाले, "त्या खोलीला खिडकी नाही. शिवाय तिचं दार कुठे उघडतं?"

"बायकांच्या हॉलमध्ये."

"मग तुम्हीच सांगा."

त्या हॉलमध्ये तेव्हा एक बाई होती, नवऱ्याच्या मारामुळे घर सोडून आलेली. पुरुषाचा खोकला ऐकला तरी ती उठून बसायची. तिच्या उशाशी दुसऱ्या बाईचा नवरा झोपवायचा, मग तो कितीही गरीब स्वभावाचा असो, हे मलाही पटत नव्हतं. कुटुंबासाठी वेगळ्या खोल्या असलेला निवारा आमच्याकडे नव्हता. प्रस्ताव पाठवू, असं साहेब म्हणाले. प्रस्ताव पाठवलाही. पण थंडी प्रस्तावासाठी थांबत नव्हती. पुलाखाली ज्योतीला खोकला लागला होता, शाळा बुडत होती.

पुरुषांच्या हॉलमध्ये सलीमचाचा होते. शहरात स्टोव्ह आणि कुकर दुरुस्त करत फिरलेले, आता गुडघे गेलेले. मी केअरटेकरशी बोलत असताना त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "बाईला भीती कशाची आहे? तो एकटा पडेल याचीच ना? आम्ही इतके लोक काय करतो रात्री? झोपाच काढतो."

मी म्हटलं, फिट आली की लोक कांदा हुंगवतात, नाकाला चप्पल लावतात, दातांत चमचा घालतात. त्यानेच माणूस जास्त जखमी होतो.

"मग शिकवा," चाचा म्हणाले.

दवाखान्यातल्या सिस्टरना मी विनंती केली. त्या दुपारी आल्या. चाचांनाच चटईवर झोपवून त्यांनी दाखवलं. आजूबाजूचं सामान दूर करायचं. डोक्याखाली मऊ काही ठेवायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात काही घालायचं नाही. झटके थांबले की कुशीवर वळवायचं. लवकर थांबले नाहीत तर अॅम्ब्युलन्स. मग प्रत्येकाने एकेकदा चाचांना कुशीवर वळवलं. चाचा हसत होते, बाकीचे गंभीर होते.

मी कमलबाईलाही बोलावलं होतं. ती दाराशी उभी राहून पाहत होती. शेवटी पुढे आली आणि म्हणाली, त्याची मान डावीकडे वळते, म्हणून उशी डावीकडे सरकवा. सगळ्यांनी ऐकून घेतलं. त्याच संध्याकाळी ते तिघं राहायला आले.

सुरुवातीला ती झोपलीच नाही. मधल्या दाराला पाठ लावून बसायची, असं बायका सांगायच्या. सिस्टरनी डॉक्टरांना दाखवून भिलाभाऊच्या बंद पडलेल्या गोळ्या पुन्हा सुरू करून दिल्या. ज्योती शाळेत जाऊ लागली.

मग एका सकाळी मी पोचले तर कमलबाई स्वयंपाकघरात सलीमचाचांसमोर उभी. रात्री भिलाभाऊला फिट येऊन गेली होती आणि तिला पहाटे कळलं होतं. त्याच रात्री नेमका तिचा डोळा लागला होता.

"माले काबर उठाडं नई?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

चाचा म्हणाले, "सगळं नीट झालं होतं, बहन. तो कुशीवर झोपला, आम्ही बसून होतो. मग तुला कशाला उठवायचं?"

भिलाभाऊ चहा पीत बसला होता. अंगावर एक ओरखडा नव्हता. कमलबाईने त्याची मान, कोपर, जीभ, सगळं तपासलं. मग ती भिंतीला टेकून बसली आणि पदराने तोंड झाकून बराच वेळ रडली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिच्यावाचून कुणीतरी त्याला सांभाळलं होतं. नंतर ती जाऊन झोपली ती दुपारपर्यंत.

त्यानंतर ती कामाला बाहेर पडू शकली. मुलींच्या एका होस्टेलमध्ये पोळ्या करायला लागली. काही महिन्यांनी त्याच गल्लीत खोली मिळाली. घरमालकिणीला फिटचं आधीच सांगितलं, आणि सिस्टर तिथेही एकदा येऊन चटईवर सगळं दाखवून गेल्या. भिलाभाऊ आता होस्टेलच्या भाज्या निवडून देतो. फिट अजून येते, पण कमी.

आमच्या रिपोर्टमध्ये हे कुटुंब 'पुनर्वसित' या एका शब्दात बसलं. कुटुंबांच्या निवाऱ्याचा प्रस्ताव अजून मंजूर व्हायचा आहे. मी मात्र एक बदल केला. नवीन कुटुंब आलं की आधी हॉल, पांघरूण, नियम दाखवायची मला सवय होती. आता आधी विचारते, इथे राहायचं म्हटलं तर भीती कशाची वाटते. त्या भीतीवरचं उत्तर बहुतेक वेळा नियमांत नसतं.