उकललं की चौदा, मांडलं की पंधरा

अन्याय झाला तो पारीबाईवर. साल १९८२, होळीचा आदला दिवस, सकाळी अकराचा सुमार. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून लोक "भुताची गोष्ट" म्हणतील आणि पारीबाईला विसरतील.

भुतंखेतं मी मानत नाही. भगताच्या अंगाऱ्याविरुद्धचं पत्रक मीच लिहिलंय, कर्जत स्टेशनबाहेर उभं राहून वाटलंय... शिव्याही खाल्ल्यात.

वाडी खालापूरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. नाव देत नाही, तिथे चौकशीला येणारे आधीच कमी नाहीत. धरणात जाणार आहे. मोजणीचा कारकून येऊन घरांची यादी करून गेला. यादीत घर असेल तर दुसरीकडे जागा मिळणार, नसेल तर काही नाही.

आता या वाडीची एक रीत. जागेला वाळवी लागली की इथे घर हलवतात. त्यांचा शब्द आहे – घर उकलायचं. दोर सोडायचे, मेढी म्हणजे खांब उपटायचे, कारवीचे कूड म्हणजे भिंती आडव्या ठेवायच्या, आणि वीस पावलांवर त्याच सामानाचं घर पुन्हा उभं करायचं. त्या सकाळी पारीबाईने घर उकललं होतं. ती नि तिचा भाऊ दोरासाठी रानात गेले होते. कारकुनाने कागदावर लिहिलं, "लाकडांचा ढीग – एक." संध्याकाळी घर उभं राहिलं, पण कारकून परत आला नाही.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी खेळ करण्यात गुंतले होते.

भाषणाला लोक कंटाळतात, स्वतः मांडलं की कळतं – म्हणून आमच्या गटाने धरणग्रस्तांच्या सभांसाठी एक खेळ काढला. डोंगर नि ओढा रंगवलेला मोठा पाट. कर्जतच्या वसंतकाका सुतारांकडून सागाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचे घराचे सुटे भाग करून घेतले. एका घराला चार मेढी, चार कूड, एक छप्पर. कुठलाही भाग कुठल्याही घराला बसतो, मोडा नि पुन्हा मांडा. ज्याने त्याने आपल्या मनाची वाडी मांडायची. मग फासा टाकून निळं फडकं, म्हणजे पाणी, एकेक पातळी वर सरकवायचं आणि घरं उकलून वर नेता येतात का बघायचं. यादीत घरं चौदा, म्हणून तुकडे एकशे सव्वीस. काकांनी माझ्यासमोर मोजून डब्यात भरले.

पहिला खेळ पळसदरीला, एका ओटीवर, रविवारी दुपारी. लोकांनी वाडी मांडली. घरं पंधरा!

मला वाटलं, काकांनी प्रेमाने जास्तीचे तुकडे दिले. खेळ मोडला, डब्यात भरताना मोजले. एकशे सव्वीस.

दुसरा भिवपुरीला. पुन्हा पंधरा. मोडल्यावर पुन्हा एकशे सव्वीस. माझा सहकारी अनंत बी.एस्सी. आहे. तो म्हणाला की यातून एवढंच सिद्ध होतं, मला पाढे येत नाहीत. पुढच्या वेळी त्याने स्वतः मोजलं, आणि त्यानंतर त्याने पाढ्यांचा विनोद केला नाही. मग आम्ही प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने आकडा घातला, एक ते एकशे सव्वीस. मांडलं. पंधरा घरं, सगळी पुरी. बिनआकड्याचा तुकडा एकही नाही, एकही आकडा दोनदा नाही. हे कसं बसतं, ते मला आजही सांगता येत नाही.

शेवटी पाट घेऊन वाडीतच गेलो. आंब्याखाली मांडला. बायका हसत होत्या, आपापल्या घराला बोट लावत होत्या – हे तुझं, ते माझं, तुझं छप्पर वाकडं. चौदा घरांना धनी मिळाले. पंधरावं तसंच. मी चिडून ते मोडायला हात घातला, तर कडेला बसलेली एक बाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं पोरी. माझं हाय."

मी म्हटलं, मावशी, यादीत चौदाच आहेत. हे जास्तीचं कुठून येतं तेच कळत नाही... मोडून मोजलं की नसतंच.

"उकलल्यावर नको मोजू," पारीबाई म्हणाली. "तो पन तसाच मोजून गेला."

मग तिने त्या सकाळचं सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. समोर तिचं घर होतं – धूर निघत होता, दारात कोंबडी.

मला सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच. कारकुनाच्या यादीविरुद्ध मी गावोगाव बोलत होते, आणि माझी चौदा घरं मी त्याच यादीवरून उतरवली होती. वाडीत कुणाला विचारलं नव्हतं. खेळ माझा, पण चूक त्याचीच, मी फक्त सागात करून घेतली.

आम्ही पाट मोजणीच्या कचेरीत साहेबांपुढे नेला. साहेब म्हणाले, खेळणी पुराव्यात धरत नाहीत. बरोबर आहे. पण पारीबाईचं घर खेळणं नाही, आणि ते अजून यादीत नाही.

खुलासा माझ्याकडे नाही. डबा माझ्याकडे आहे. ज्यांना मी खोटी वाटते त्यांनी यावं, मांडावं, मोजावं. पण त्याआधी एक करा. पावसाआधी फेरमोजणी आहे म्हणतात. या मासिकाच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाका. त्यावर एवढंच लिहा – "तो लाकडांचा ढीग पारीबाईचं घर आहे." खाली स्वतःचं नाव, गाव. गठ्ठा मी मोजणीच्या दिवशी पोचवते.

आजच लिहा.