प्रफुल्लच्या नावाच्या बेचाळीस चिठ्ठ्या

गोजराबाई आणि सुजित पहिल्यांदा भेटले तेव्हा बोईसरचा मासळीबाजार गोठला, समुद्राची भरती अर्ध्यावर थबकली आणि टोपलीतल्या मेलेल्या पाला माशानेही डोळे मिटून घेतले, असं तिथल्या बायका अजून सांगतात. कारण या गिऱ्हाइकाने माशाचे कल्ले उघडले, आत नाक घातलं आणि जाहीर केलं, "मावशी, हा कालचा."

गोजराबाईने आधी कोयता उचलला, मग मासा हुंगला. कालचाच होता.

"कुठला रं तू?"

"गडचिरोलीचा. आजोबा पूर्व बंगालमधून पळून आले, सरकारने तिथे जमीन दिली. मी इथे कारखान्यात कामाला."

"आमाला सरकारनं प्रकल्पासाठी उठवला, तुमाला बसवला!" म्हणत तिने त्याला मागची खोली भाड्याने दिली.

सहा वर्षं सुखाची गेली. मग निवडणूक आली आणि पुढारी प्रफुल्लने बाजारात लाल पेटी ठेवली : 'घुसखोर कळवा'. माईकवर गरजला, "नाव आलं की पोलीस कागद तपासणार! माझं आलं तरी!"

सुजित आईशी फोनवर बंगालीत बोलताना कुणी ऐकलं. चिठ्ठी पडली. तो हसतहसत आजोबांचं कार्ड घेऊन चौकीत गेला. त्यावर सरकारी शिक्का, खाली 'पूर्व पाकिस्तानातून आलेला निर्वासित'. ज्या ओळीच्या जोरावर आजोबांना जमीन मिळाली, तीच प्रफुल्लने चौकीतून मिळवून माईकवर वाचली, 'पाकिस्तान'वर मुद्दाम थांबून. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने सुजितला कारखान्याच्या गेटवरून परतवलं. "चौकशी संपेपर्यंत येऊ नकोस."

गोजराबाई पेटली. बाजारात ती टोपलीमागून टोपली फिरली.

"जमुना, परफुल्याचा बाप कुठला?"

"साताऱ्याचा."

"म्हंजे भायेरचाच. लिव!"

पत्रकारांसमोर पेटी उघडली. प्रफुल्लच्या नावाच्या बेचाळीस चिठ्ठ्या निघाल्या. त्याच्या गर्जनेचा व्हिडिओ घरोघरी पोचलेला, त्यामुळे पोलीस साहेबांनी त्याला चौकीच्या बाकावर बसवलं. जन्म मामाच्या गावी, बैलगाडीत. दाखला कुठून आणणार?

गोजराबाई समोरच्या पायरीवर बोंबील साफ करत बसली. दहा ते पाच. पाणीसुद्धा प्यायली नाही, एक क्षण चुकू नये म्हणून.

"मावशी, सांग ना यांना, मी इथलाच!"

"मी वळकते रं तुला. पन कागद कुठं हाय?" कल्ले तपासावेत तसं तिने त्याचं तोंड न्याहाळलं. "ताजा नाय वाटत."

अख्खी चौकी हसली. हवालदारसुद्धा.

प्रफुल्ल अकराशे मतांनी निवडून आला. सुजितची चौकशी अजून चालू आहे. तो वापीला असतो. मागच्या खोलीत गोजराबाई बर्फाचे खोके ठेवते.